दारू सोडा

आमचे हे पेंटर. भिंतीवर छापल्यासारखं अक्षर काढतात, घरात मात्र किराण्याची यादीसुद्धा मलाच लिहावी लागते. अकरा महिने झाले, त्यांनी थेंबाला हात लावलेला नाही. पण हे घराबाहेर बोलायचं नाही, अशी मला सक्त ताकीद. "लोक म्हणतील, म्हणजे आधी पीत होता!" अहो, तुम्ही पीत होतात हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं! पण सांगणार कोण?

मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काम दिलं. व्यसनमुक्तीच्या खोलीकडे कुणी फिरकत नाही, म्हणून रस्त्याकडच्या भिंतीवर काहीतरी मोठं लिहायचं होतं. ह्यांनी दोन दिवस खपून माणसाएवढी अक्षरं काढली, 'दारू सोडा'. खाली बाण आणि 'आत या'.

दुसऱ्याच दिवशी खोली भरली. बाई हरखल्या. तेवढ्यात एकाने विचारलं, "सोडा थंड आहे ना?" दुसरा तर घरून ग्लास घेऊन आला होता!

अख्खी गल्ली हसून लोटपोट. बाई म्हणाल्या, आजच दुरुस्त करा नाहीतर पुसून टाका. हे तोंड पाडून घरी आले. "सगळे हसतात गं मला." पूर्वी कुणी हसलं की ह्यांची पावलं कुठे वळायची, ते मी पाहिलंय.

शेजारच्या मास्तरांनी अक्कल पाजळली, "मध्ये स्वल्पविराम द्या." ह्यांनी जाऊन दिला. झालं 'दारू, सोडा'. म्हणजे आता दोन्ही मिळतं! मला हसू आवरेना. हे डबा-ब्रश उचलून पुन्हा बाहेर पडले.

तास झाला, दोन झाले. मेली माझी जीभ, मी कशाला हसले? चपला घातल्या आणि निघाले. खोटं कशाला बोलू, आधी गुत्त्यावरच गेले. तिथे नव्हते.

हे भिंतीपाशी शिडीवर होते. स्वल्पविराम पुसलेला. खालच्या कोपऱ्यात, पेंटर आपलं नाव टाकतो तिथे, रस्त्यापलीकडून वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं होतं, 'मी सोडली'. आणि त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव.

मला रडूच फुटलं. भर रस्त्यात, वेड्यासारखं.

शिडीखाली तो सकाळचा ग्लासवाला उभा. वर बघत म्हणाला, "पेंटर, खरंच?"

"अकरा महिने झाले. सोपं नाही रे बाबा." हे खाली उतरले, हात पुसले. "चल, आत जाऊ. मीपण बसतो तुझ्याबरोबर."

तो जरा घुटमळला. मग माझ्याकडे वळला.

"वहिनी, एवढा ग्लास धरता?"

तो न्यायला अजून आलेला नाही. ब्रश बुडवायला बरा पडतो आम्हाला.