आप्पांचा काळ्या आणि त्याचं वासरू

आहेर आप्पा गावाची वीज घालवण्याआधी पिठाच्या गिरणीत फोन करायचे. "सिंधूबाई, कुणाचं दळण अर्ध्यात हाय का?" असेल तर थांबायचे. मग सरकारी दवाखान्यात फोन. "सिस्टर, टेबलावर कुणी नाय ना?" दोन्हीकडून होकार आला की मगच पॅनेलसमोर उभं राहून गावाकडे वीज नेणारा फीडर बंद करायचे आणि लॉगबुकात वेळ लिहायचे. तीही सेकंदासकट. वहीत रकाना तास आणि मिनिटांचाच होता, त्यामुळे सेकंद ते समासात लिहायचे.

"आप्पा, सेकंद कोण वाचतंय?" मी एकदा विचारलं होतं.

"वाचायला कोण लिहितंय? झालं तेव्हा झालं, एवढंच लिहायचं."

हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या भेटीत मला काहीच माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. तेव्हा कळवणला आठ-आठ, दहा-दहा तास वीज जात होती. मी बावीस वर्षांची होते आणि माझ्या पत्रकांमध्ये उद्गारचिन्हं शब्दांपेक्षा जास्त असायची. 'अंधाराच्या ठेकेदारांनो, जबाब द्या!' अशा मथळ्याचं पत्रक छापून मी साठ-सत्तर माणसं घेऊन सबस्टेशनवर धडकले. आतून मफलर गुंडाळलेला एक किरकोळ माणूस बाहेर आला. त्याने पत्रक घेतलं, डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरलं आणि शेवटपर्यंत वाचलं. आजवर माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा अधिकारी मी पाहिला नव्हता. हा तर अधिकारीही नव्हता, साधा ऑपरेटर होता.

"पुढारीणबाई," तो म्हणाला, "मंगळवारी लाइट साडेसहाला नाय गेली. सहा चाळीसला गेली. तेवढं दुरुस्त करा. बाकी तुमचं बरोबर हाय."

मोर्चा हसला. मला राग आला. शत्रूने आपल्याशी सहमत व्हावं यासारखा अपमान नाही. तेवढ्यात ठरलेली वेळ झाली. आप्पांनी आत जाऊन ते दोन फोन केले आणि आमच्या डोळ्यांदेखत गाव विझवलं. आम्ही घोषणा दिल्या. ते परत बाहेर आले आणि मला हळूच म्हणाले, "ओरडून झालं असंल तर मागं या. एक गोष्ट दाखवतो."

सबस्टेशनच्या मागच्या मोकळ्या जागेत एक दुर्बीण उभी होती. शेतात पाइपलाइनला वापरतात त्या सहा इंची पाइपाची, डाळिंबाच्या खोक्याच्या फळ्यांवर बसवलेली. आतला आरसा आप्पांनी स्वतः काचेवर काच घासून केला होता. त्याला दोन पावसाळे लागले होते. मी डोळा लावला. शनी होता. कडं होतं. घोषणांसाठी आलेली बाई तिथे दीड तास उभी राहिली, एवढं कबूल करते. वीज जाण्याविरुद्ध लढणारी मी आणि वीज घालवणारे आप्पा यांची मैत्री त्या अंधारात सुरू झाली. मला त्याची लाज वाटायची. आप्पांना मात्र त्यात काही वावगं दिसत नव्हतं. "तुमचं काम लाइट मागायचं. माझं काम लाइट सांभाळायचं. अंधार दोघांचाबी नाय, पडलाच हाय तर बघून घेऊ."

त्यांच्या बोलण्यात एक काळ्या नेहमी असायचा. मला आधी वाटलं, बैल असेल. तो निघाला दगड. मंगळ आणि गुरू यांच्यामधून सूर्याभोवती फिरणारा, इकडून कळवण धरलं तर तिकडे मुंबई गाठेल एवढा. आणि काळा कसा, तर कोळशासारखा. अंगावर पडलेला सूर्यप्रकाश जवळजवळ सगळा गिळून टाकणारा. त्याला परदेशी नाव होतं, पण आप्पांनी ते कधी उच्चारलं नाही. काही वर्षांपूर्वी मोठ्या दुर्बिणींना त्याच्याभोवती फिरणारा एक चिमुकला चंद्र सापडला होता. कळवणपासून शेजारच्या अभोण्यापर्यंत जेमतेम पोचेल एवढा. पाच दिवसांत काळ्याभोवती एक चक्कर. त्याला आप्पा वासरू म्हणायचे.

"एवढा अंधार हाय तिथं," ते म्हणायचे, "सूर्य बी लांब. तरी ते वासरू काळ्याला सोडत नाय. कुणी बघत नव्हतं तेव्हाबी फिरतच होतं. कधीपासून फिरत असंल?" मी कोट्यवधी वर्षं वगैरे सांगायला लागले की हात वर करून मला थांबवायचे. त्यांना आकडा नको होता. त्यांना नुसतं थक्क व्हायचं होतं, आणि छप्पन्नाव्या वर्षी ते लहान पोरासारखं जमणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

एके दिवशी नाशिकच्या आकाश बघणाऱ्या मित्रांकडून त्यांना पत्र आलं. ते घेऊन आप्पा माझ्या घरी आले. एरवी ते कुणाच्या घरी जात नसत. पत्रात होतं की फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी रात्री आठ सत्तेचाळीसला काळ्या एका ताऱ्याच्या बरोबर समोरून जाणार आणि त्याची सावली आपल्या भागावरून सरकणार.

"सावली?" मी म्हणाले. "आप्पा, ताऱ्याच्या उजेडाची कुठे सावली पडते?"

"पडते की. दिवा लय बारीक म्हणून आपल्याला कळत नाय. पण त्या वेळी काळ्याएवढीच मोठी सावली गावावरून धावंल. सटाण्याहून कळवणला यायला तिला दोनच सेकंद लागत्याल. दुर्बिणीतून तारा विझलेला दिसंल, बारा-पंधरा सेकंद. आणि नशीब असंल तर सव्वा मिनिटानं वासराची सावली. तिला एक सेकंदसुद्धा नाय लागायचा."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, पहिल्यापेक्षा हळू आवाजात. साखरेच्या आजाराने त्यांचा उजवा डोळा केव्हाच गेला होता. आता डाव्यावर पडदा सरकत होता. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली होती. म्हणजे हा गुरुवार चुकला तर काळ्या पुन्हा येईल, आप्पांचा डोळा येणार नाही.

आणि घोळ माझाच होता. आमच्या आंदोलनामुळे परीक्षांच्या दिवसांत संध्याकाळची कपात रद्द झाली होती. सात ते दहा वीज राहणार, असं लेखी आश्वासन मी स्वतः मिळवलं होतं आणि त्यावर 'विजय!' असं पत्रकही काढलं होतं. तारा पूर्वेला, खाली, बरोबर गावाच्या आणि कांदा मार्केटच्या हॅलोजनच्या वर असणार होता. चुलींचा धूर आणि तो पिवळा उजेड यांत आप्पांच्या अधू डोळ्याला तो दिसणं अशक्य होतं. गावाबाहेर जाता येत नव्हतं, कारण जोडीदार मुलीच्या लग्नासाठी रजेवर होता आणि दुसरी पाळी आप्पांवरच होती.

मी सरळ बोलणारी बाई आहे. "मग घालवा लाइट," मी म्हणाले. "पाच मिनिटं. रोज दहा तास जाते, पाच मिनिटांचं कोण विचारतंय?"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच घरात बसायला जागा उरली नाही.

"पुढारीणबाई, तुमच्याच पत्रकात काय लिवलंय? 'जनतेला न सांगता वीज तोडणे हा गुन्हा आहे.' खाली तुमचं नाव हाय."

"पण हे तुमच्यासाठी आहे!"

"म्हणूनच नाय. माझ्यासाठी एक सेकंदबी नाय."

मी भांडले. त्यांनी चहा संपवला. जाताना दारात म्हणाले, "लोकांनी आपल्या हातानं दिवे मालवले तर ती त्यांची मर्जी. माझा हात त्यात नको."

त्या रात्री मी पत्रक लिहायला बसले आणि लिहिता येईना. धिक्कार कसा करायचा ते मला माहीत होतं, जाहीर निषेध माहीत होता, खबरदार माहीत होतं. विनंती मी आयुष्यात कधी लिहिली नव्हती. चार कागद फाडले. शेवटी लिहिलं ते असं: 'गुरुवारी रात्री आपल्या गावावरून एका दूरच्या दगडाची सावली जाणार आहे. आपले आहेर आप्पा ती बघणार आहेत. पावणेनऊ ते नऊ आपले दिवे आपल्या हाताने बंद ठेवावेत. न ठेवल्यास काहीही होणार नाही.' एकही उद्गारचिन्ह नाही. छापखान्यातला माणूस म्हणाला, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

वाटताना जे ऐकलं ते ऐकण्यासारखं होतं. "तीन वर्षं लाइट द्या म्हणून बोंबललीस, आता बंद करा म्हणतीस?" एकाने विचारलं, "गिऱ्हाण लागतंय का? सूनबाई पोटुशी हाय, तिला बाहेर येऊ देऊ का?" मी त्याला ग्रहणावर पंधरा मिनिटं झापलं आणि सुनेला बाहेर आणाच म्हणून सांगितलं. गिरणीतल्या सिंधूबाईने पत्रक पिठाच्या हाताने धरलं. "काय शे वं हाई?" काय आहे हे, असं तिने अहिराणीत विचारलं; मी समजावलं. दगड तिच्या लक्षात आला की नाही माहीत नाही. "आप्पासाठी ना?" तिने विचारलं. "वीस वर्षं मला फोन करतोय तो. आज पहिल्यांदा मला काहीतरी करायला सांगितलं. बंद ठेवते."

गुरुवारी साडेआठला मी सबस्टेशनवर पोचले. गाव लखलखत होतं. पूर्वेला नुसती पिवळी राख. आप्पा पॅनेलसमोर बसले होते. पावणेनऊ वाजायला आले. तेव्हा लाइनमन सोनवणे म्हणाला, "आप्पा, काटा बघा."

गावात किती वीज जातेय ते दाखवणारा फीडरचा काटा एकशे दहावर होता. तो एकशे पाचवर आला. मग शंभर. थोडा थांबला. नव्वद. आप्पा खुर्चीतून उठले आणि त्यांनी डोक्याचा मफलर काढला, देवळात काढावा तसा. बाहेरून पाहिलं तर गल्ल्या एकेक करून मावळत होत्या. कांदा मार्केटच्या वॉचमनने हॅलोजन घालवले तेव्हा काटा सत्तरवर येऊन थरथरला. फीडर चालूच होता. आप्पांचा हात खिशात होता.

"तेहेतीस वर्षं झाली," ते म्हणाले, "मी बंद केल्याबिगर हा काटा असा खाली येताना पाहिला नव्हता."

सगळं गाव काही विझलं नाही. मोबाइलच्या दुकानाची पाटी शेवटपर्यंत चमकत होती, आणि त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही. पण पूर्व काळी झाली. सोनवणे पॅनेलपाशी थांबला, आम्ही दोघं मागे धावलो. रेडिओच्या ठोक्यांशी जुळवलेलं घड्याळ टेपरेकॉर्डरजवळ टिकटिकत होतं; बघणाऱ्याने ओरडायचं, वेळ नंतर टेपवरच्या टिकटिकीवरून काढायची. आप्पांनी तारा शोधला, डावा डोळा लावला आणि श्वास रोखला.

"गेला!"

मी नुसत्या डोळ्यांनी वर बघत होते. काहीच दिसलं नाही, पण मला स्पष्ट जाणवलं की त्या क्षणी आम्ही सावलीत उभे आहोत. ज्याच्या पलीकडे सूर्याहून जुना वाटावा असा काळोख आहे अशा एका दगडाच्या सावलीत. आप्पा, मी, सिंधूबाईची गिरणी, मार्केट, सगळं गाव.

"आला!" तेरा सेकंद. आप्पांच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते बाजूला झाले आणि त्यांनी माझा खांदा धरून मला दुर्बिणीशी ओढलं. "आता तू बघ. मला धूसर दिसायला लागलं. वासरू आलं तर ओरड. ओरडायचं तुला शिकवायला नको."

मी डोळा लावला. तारा होता, सुईच्या टोकाएवढा. मी मोजत होते, मग मोजायचं विसरले. आणि तारा नव्हता. मग होता. एवढंच. कुणीतरी फार हळुवारपणे पापणी मिटून उघडावी तसं.

मी ओरडले नाही. गावभर ओरडत फिरलेल्या माझ्या तोंडातून त्या एका क्षणी आवाज फुटला नाही. टेपवर त्या जागी नुसती टिकटिक आहे.

"दिसलं?" आप्पांनी विचारलं.

"दिसलं! गेलं आणि आलं!"

"बोलली का नाय मग?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाशिकला अहवाल लिहिला. काळ्याच्या वेळा, सेकंदाच्या दशांशासह. त्याखाली: 'वासरू: दुसऱ्या निरीक्षकास क्षणभर तारा नाहीसा झाल्यासारखे वाटले. वेळ नोंदलेली नाही. निरीक्षकाची पापणी लवली असण्याची शक्यता. खात्री नाही.'

मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. "मला दिसलं म्हणजे दिसलं! तुमच्या वासराला तुम्हीच नाकारता?" त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वासरू नाकारत नाय, पोरी. तुलाबी नाकारत नाय. जेवढं माहीत हाय तेवढंच लिवलं." त्यांनाच ते सगळ्यात जास्त हवं होतं हे माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले. शेवटची नजर शिल्लक असताना त्यांनी ती जागा मला दिली होती. अहवालातला एक शब्द फिरवला असता तर वासरू त्यांचं झालं असतं.

पुढच्या दिवाळीपर्यंत डावा डोळा गेला. निवृत्ती झाली. त्यानंतर दोन वर्षांनी आप्पाही गेले. शेवटच्या महिन्यात मी रोज संध्याकाळी जात होते. मोर्च्यांच्या बातम्या सांगायचे, कुणाला काय सुनावलं ते सांगायचे. ते हसायचे. एक दिवस मध्येच म्हणाले, "ते राहू दे. वासराचं सांग."

मी सांगितलं. तारा सुईच्या टोकाएवढा होता. मग नव्हता. मग होता.

"किती वेळ?"

"अर्धा सेकंद. कदाचित थोडा जास्त."

"खात्री हाय?"

खोटं बोलायला ती चांगली वेळ होती. समोर आंधळा, मरणाला टेकलेला माणूस होता, आणि मला मनातून खात्री होतीही.

"नाही, आप्पा," मी म्हणाले. "खात्री नाही."

त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं.

"मंग असंलच ते," आप्पा म्हणाले. "परत सांग. पहिल्यापासून."