समुद्रात निघालेल्या गोळ्याची तीट

“मॅडम, एका डोळ्याला कमी दिसतंय,” टेस्टिंगचे कदम म्हणाले, तेव्हा माझा चहा तसाच राहिला. गोळा दोन दिवसांत जाणार होता.

शेंद्रा एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत खोल समुद्रातल्या दुर्बिणीसाठी जाड काचेचे गोळे जोडायचं काम चालतं. न्यूट्रिनो हा इतका बारीक कण, की अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो. क्वचित एखादा पाण्यात धडकला, तर निळसर उजेड चमकतो. तो टिपायला गोळ्यात नळ्या बसवतो. आम्ही त्यांना डोळेच म्हणतो. डोळे आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेल ओततो. ते एकदा घट्ट झालं, की काही काढता येत नाही.

टॉर्च मारला. काचेला आतून तिळाएवढा काळा डाग!

“कुणी केलं हे?” मी ओरडलेच.

जेल ओतणारी रुख्मिण पुढं आली. कन्नड तालुक्यातली, कॉन्ट्रॅक्टवरची. “म्या लावलं, मॅडम. काजळ हाय.”

“अगं बाई! कशाला?”

“तुमीच म्हनला व्हता, ह्यो पान्यात गेला की परत कुनाला दिसायचा नाय. एवढ्या लांब चाललं लेकरू. येनारा-जानारा म्हनतो, लई देखनं. नजर लागंल म्हून तीट लावली.” जेल ओतण्याआधी हातमोज्याचं बोट तिनं स्वतःच्या डोळ्यातल्या काजळाला लावून काचेला आतून टेकवलं होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. पण नुकसान व्हायचं ते झालंच होतं.

कंपनीच्या साहेबांना तिटेचं कारण पटेना. “उद्यापासून बाई बंद. गोळा भंगारात.”

“बाई गेली तर जेल कोण ओतणार, सर? तुम्ही? तिच्या हातचं जेल बिनबुडबुड्याचं असतं. आधी क्लायंटला विचारू.”

क्लायंटकडच्या शास्त्रज्ञ डॉक्टरबाईंना व्हिडिओ कॉलवर डाग दाखवला, सगळं खरं सांगितलं. रुख्मिण दाराशी पदराचं टोक पिळत उभी. डॉक्टरबाईंनी रीडिंग दोनदा पाहिलं.

“डाग बारीक आहे. ह्या डोळ्याला किती कमी दिसतं ते मोजलंय ना? मग हिशेबात तेवढं धरू. पाठवा.” मग म्हणाल्या, “आणि त्यांना सांगा, माझ्या आईनंही मला तीट लावली असती.”

साहेब खाकरले. “ठीक आहे. पण परत काजळ दिसलं तर बघा!”

त्या दिवसापासून मी नवीन माणसाला ‘काचेला आतून काही लावायचं नाही’ हा नुसता नियम सांगत नाही, तो कशासाठी आहे तेही सांगते. तोंड दुखतं, पण गोळे वाचतात.

पुढं डॉक्टरबाईंचा मेसेज आला. गोळा तळाशी उतरला होता, सगळे डोळे चालू होते. मी धावत जाऊन रुख्मिणला सांगितलं. तिनं दोन्ही हात जोडले. मग हळूच विचारलं, “मॅडम, तिथं लई थंडी असंल का हो?”

तिथलं पाणी बर्फासारखं गार असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

“नाही गं,” मी म्हटलं. “काच जाड आहे ना.”