खीळ मी काढली

तीन वर्षांपूर्वी मी एका माणसाविरुद्ध तक्रारीचं पत्र लिहिलं. त्या पत्रावर पेण, रोहा आणि कोलाड इथल्या अडतीस जणांच्या सह्या आहेत. पहिली माझी. त्या पत्रामुळे त्या माणसाची जहाजावरची नोकरी गेली. पत्रातलं अक्षर माझं, भाषा माझी, आणि त्यातलं मुख्य वाक्य खोटं आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे लिहिताना मी स्वतःची सुटका करायला बघेन, हे मला माहीत आहे.

मी रोह्यातल्या रसायनांच्या एका कंपनीत चौतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. फिटर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. आमच्या खात्यात एक नियम होता. दुरुस्तीसाठी पंप किंवा व्हॉल्व्ह बंद केला की त्याला लाल टॅग बांधायचा, आणि ज्याने बांधला त्यानेच तो काढायचा. शिफ्ट बदलो, साहेब ओरडो, उत्पादन थांबो, दुसऱ्याने टॅगला हात लावायचा नाही. एकदा टॅग बांधणारा कामगार शिफ्ट संपवून घरी गेला, तर मी नागोठण्याला जीप पाठवून त्याला जेवणावरून उठवून आणला होता. नव्या पोरांना मी हा नियम पहिल्या दिवशी शिकवायचो. कोणी हसलं तर त्याला दिवसभर बाहेर उभं करायचो.

जहाजाची सहल मुलीने आणि जावयाने आम्हा चौघांना दिली होती. चौघं म्हणजे मी, माझी बायको, आणि मुलीचे सासूसासरे. व्याही पेणजवळच्या जोह्याचे. त्यांचा गणपतींचा कारखाना आहे. गणपती गेल्यावर तिथे जरा उसंत असते, म्हणून दिवाळीनंतरची तारीख धरली. पेणच्या एका सहलवाल्याने सगळी मिळून चाळीसएक माणसं जमवली होती. बहुतेक निवृत्त. मास्तर, बाई, तलाठी, दुकानदार. जाहिरातीत निळा पोहण्याचा तलाव होता, काचेची लिफ्ट होती, आणि जेवणघरात झुंबरं होती.

प्रत्यक्षात तलाव कोरडा होता आणि त्यात दोन माणसं उकिडवी बसून फरश्या उचकटत होती. लिफ्ट बंद. आमच्या खोल्यांपुढच्या बोळात गालिचा गुंडाळून ठेवलेला, छत उघडं, त्यातून वायरी लोंबत होत्या. सकाळी आठपासून ड्रिल सुरू व्हायचं. भिंतीतून, पलंगातून, दातांतून ते जाणवायचं. थिनरचा वास सगळीकडे. व्याही पहिल्याच दिवशी म्हणाले, "व्याही, तुमच्या कंपनीचा वास आलाय बघा मागोमाग. सोडत नाय तुमाला." आम्ही सगळे हसलो. दर तासाला स्पीकरवरून गैरसोयीबद्दल माफी मागितली जायची. पेणच्या एका निवृत्त बाईंनी ती मोजायला घेतली होती, आणि दुपारपर्यंत आकडा सांगून लोकांना हसवत होत्या. पण संध्याकाळी हसणं संपलं. लोक काउंटरवर जाऊन भांडू लागले.

मी भांडलो नाही. मला दुसरंच काही दिसत होतं. भिंतीला तळवा लावला की आतली थरथर एकसारखी लागत नव्हती. एकाच वेळी फार कामं काढली होती, माणसं थोडी होती, आणि जी होती ती घाईत होती. कंपनीत याला आम्ही शटडाउन म्हणतो. तेव्हा गेटवर पहारा असतो, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. इथे आम्ही दोन-तीन हजार बाहेरची माणसं शटडाउनच्या पोटात सुट्टी घालवत होतो. हे मी कोणाला बोललो नाही. पण पहिल्या दिवशी मला नीट जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळाच्या टोकाशी एक मेकॅनिक काम करताना भेटला. पन्नाशीचा असेल, मालवणकडचा, चष्म्याला दोरी बांधलेली. तिथे आगीच्या वेळी बंद होणारा लोखंडी सरकता दरवाजा होता. तो अर्धवट उघडा ठेवून त्याने रुळात जाड खीळ घातली होती आणि खिळीला लाल टॅग बांधला होता. टॅग बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी रोह्याचं सांगितलं. त्याने हातातलं काम ठेवून मला सगळं दाखवलं. चौकट नुकतीच दुरुस्त केली होती, आतला एक भाग बदलायचा होता, तो खालून यायचा होता. मग तो म्हणाला, "दुपारी वरून बटण दाबून सगळे दरवाजे चालवून बघणार आहेत. हा खिळीवर आहे, त्यामुळे हलणार नाही. नाहीतर काका, हा दरवाजा थांबत नाही. मधे काय आहे ते बघत नाही."

हे त्याने मला सांगितलं होतं, सकाळी, स्वच्छ मराठीत. मी ते विसरलो होतो, असं तीन वर्षं मी मनाला सांगत आलो.

दुपारी जेवायला निघालो तर त्या दरवाजापुढे पट्टी लावलेली. जेवणघर पलीकडे पन्नास पावलांवर होतं. वळसा घालायचा तर दोन मजले खाली, मग लांबचलांब चालून पुन्हा दोन मजले वर. माझ्या बायकोचे गुडघे कामातून गेलेले. सकाळी एकदा तो वळसा घेताना ती जिन्यात बसून राहिली होती. आमची सात-आठ माणसं पट्टीपाशी जमून जहाजवाल्यांचा उद्धार करत होती. मेकॅनिक कुठे दिसत नव्हता. कोणीतरी म्हणालं, आपल्यात फिटर आहे की. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, काम चालू आहे, हात लावायचा नसतो.

"चौतीस वर्षं कंपनीत काय नुसता चहा पिलात, व्याही?" व्याही म्हणाले.

ते चेष्टेत म्हणाले. व्याह्याने व्याह्याची खेचायचीच असते, आमच्यात तर जास्तच. पण लोक हसले, आणि माझी बायको भिंतीला टेकून एका पायावर उभी होती. मी पट्टी सोडवली. टॅगची तार उलगडली, टॅग पँटच्या खिशात घातला. खीळ ओढली. ती सहज आली. दरवाजा दोन्ही हातांनी लोटला, तो पूर्ण उघडला आणि तिथेच राहिला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, काही नाही, खीळ नुसती दाखवायला होती. लोकांनी पाठ थोपटली. जेवून येताना परत घालू, असं मनात होतं. खीळ मी कडेला गुंडाळलेल्या गालिच्याखाली सारली.

जेवण चांगलं झालं. त्या दिवशी मला भूकही लागली होती.

परत येताना मी पुढे होतो, व्याही चार पावलं मागे. त्यांना एक सवय आहे. कुठलाही पृष्ठभाग दिसला की बोट फिरवून बघायचं. लग्नात मांडवाच्या खांबावरून, दवाखान्यात भिंतीवरून, कुठेही. मूर्तीचा गुळगुळीतपणा त्यांना डोळ्यांपेक्षा अंगठ्याला आधी कळतो. ते त्या चौकटीशी थांबले. ताजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. त्यांनी खाचेत अंगठा आणि दोन बोटं घालून खालून वर नेली आणि म्हणाले, "घासली नाय नीट."

तेवढ्यात घंटा झाली. स्पीकरवर इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि मला सकाळचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. मी वळलो. "हात काढा" एवढं म्हणायला वेळ होता. तो दरवाजा जोरात येत नाही. सावकाश, एका गतीने येतो. मी तोंड उघडलं नाही. माझा हात आधी खिशाकडे गेला, टॅगकडे.

पुढचं वर्णन करत नाही. उजवा हात होता.

मेकॅनिक धावत आला. दरवाजा मागे घेतला, व्याह्यांचा हात स्वतःच्या शर्टाने बांधला, डॉक्टर येईपर्यंत त्यांना मांडीवर धरून बसला. मग त्याने रुळातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि नंतर माझ्याकडे. "काका, खीळ होती ना? सकाळी तुम्ही बघितलीत."

मी म्हणालो, "मी आलो तेव्हा दरवाजा उघडाच होता."

तेच वाक्य मी पत्रात घातलं. कोणतीही सूचना, पट्टी किंवा टॅग नव्हता, असंही लिहिलं. छताचं काम चालू असल्याने बोळातला कॅमेरा काढलेला होता. ज्या सात-आठ जणांनी मला खीळ काढताना बघितलं होतं, त्यांना मी समजावलं की मुळात दरवाजाच सदोष होता, खिळीने काही फरक पडला नसता. मी फिटर. त्यांनी मानलं. कोरडा तलाव, ड्रिल, बंद लिफ्ट, सगळ्यांचा राग साठलेला होताच. त्याला धरायला एक माणूस हवा होता, तो मी काढून दिला. गोव्याच्या धक्क्यावर उतरेपर्यंत अडतीस सह्या झाल्या होत्या. काही महिन्यांनी जहाजवाल्यांचं उत्तर आलं: संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. ते मी कोणाला दाखवलं नाही. टॅग आणि ते उत्तर, दोन्ही एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलं.

व्याह्यांचा अंगठा एका पेराने गेला. दोन बोटं वळत नाहीत. जोह्यात त्यांच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे तेच आखायचे. सगळ्यात शेवटचं काम. तेव्हा रेडिओ बंद, बोलणं बंद, रस्त्यावरून एसटी गेली तरी थांबायचं आणि कंप जाऊ द्यायचा. आता ते काम माझी मुलगी करते. मी गणपतीच्या आधी जातो तेव्हा व्याही तिच्या शेजारी पाटावर बसलेले असतात आणि उजवा हात मांडीखाली ठेवलेला असतो. तीन वर्षं आम्ही हवापाण्याचं बोलत होतो. मी खीळ काढली हे त्यांनी बघितलं होतं, तरी कधी एका शब्दाने विचारलं नाही. परक्या पाहुण्याला यावा तसा मला चहा यायचा. त्या घरात मला सगळ्यात जास्त भीती त्या चहाची वाटायची.

यंदा मी गेलो तर मुलगी एका मोठ्या मूर्तीचे डोळे आखत होती. डावा झाला होता. उजवा घेताना तिने श्वास धरला, आणि मी बघितलं की व्याह्यांनीही धरला. मांडीखालचा हात हलत होता. तिच्या कुंचल्याबरोबर, तेवढाच, इकडून तिकडे. मी उठून बाहेर ओट्यावर गेलो. थोड्या वेळाने ते मागून आले.

"तो लाल टॅग तुमच्याकडंच हाय ना?" ते म्हणाले. "खिशात टाकताना बघितलावता मी."

मी हो म्हणालो. आणि मग त्यांना माहीत नव्हतं ते सांगितलं: दुपारी दरवाजे चालवणार आहेत हे मेकॅनिकने मला सकाळीच सांगितलं होतं. घंटा झाल्यावर मला ते आठवलं होतं. आणि त्या माणसाला कामावरून काढून टाकलं, हेही.

ते समोरच्या शेताकडे वळले. मग म्हणाले, "म्हंजे माझा हात खाचेत होता, तवा तुमाला म्हायत होतं."

"व्हय," मी म्हणालो.

आतून मुलीने विचारलं की चहा टाकू का.

"मी वाटून घेतलं होतं," ते म्हणाले. "अर्धी चूक तुमची, अर्धी माझ्या तोंडाची. मीच बोललो ना चहाचं. तेवढ्यावर मी तीन वर्षं काढली. आता ते बी नाय राहिलं." मग म्हणाले, "त्यानं मला मांडीवर घेतलावता. माझी बी सही हाय त्या कागदावर, आंगठा उठत नव्हता म्हणून बायकोनं केलेली. दुसरं पत्र लिवा. तसंच. सगळ्यांच्या सह्या घेऊन."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

दुसरं पत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं. पहिली सही माझी, दुसरी व्याह्यांची, डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखी तिरकी. मग मी एसटीने फिरलो. पेणच्या बाईंनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला, सही केली आणि दार लावून घेतलं. कोलाडच्या तलाठ्याने विचारलं, आता उकरून काय मिळणार तुम्हाला. खीळ काढताना माझी पाठ थोपटणारा एकजण रोह्यात माझ्या गल्लीतच राहतो. तो म्हणाला, मला तसलं काही आठवत नाही. तो खोटं बोलत होता असं वाटत नाही. दरवाजा उघडाच होता, हे वाक्य त्याच्या डोक्यात मीच बसवलं होतं, आणि ते मला परत काढता आलं नाही. दोघं या मधल्या काळात वारले. अडतीसपैकी अकरा सह्या झाल्या.

पत्र पाठवून पाच महिने झाले. उत्तर नाही. ते जहाज अजून चालतं, जाहिरात येते, तलाव निळा दिसतो. मालवणकडे दोन ओळखीच्यांना विचारायला सांगितलं आहे. पन्नाशीचा, चष्म्याला दोरी, जहाजावर होता, एवढंच मला सांगता येतं. त्याने माझं गाव, माझी कंपनी, माझी चौतीस वर्षं सगळं विचारून घेतलं होतं. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.

टॅग डब्यातून काढून मी बाहेरच्या दाराशी खिळ्याला टांगला आहे. बायको म्हणाली, लोक विचारतील, काढा तो. मी म्हणालो, मला काढता येत नाही. तो मी बांधलेला नाही.