दांडीसकट फुलं

“दांडीसकट घ्या, नाहीतर पुढं चाला!”

मोताळ्याच्या आठवडी बाजारात माझा भिंतीपलीकडचा शेजारी गिऱ्हाइकाचं स्वागत असं करायचा. बाकीचे फुलवाले झेंडूचे ढीग लावून किलोवर विकत. हा मात्र पाण्याच्या दोन बादल्यांत लांब दांड्यांचे ॲस्टर उभे करायचा आणि स्वतः त्यांच्याहून ताठ बसायचा.

“काका, देवाले दांडी वाहू काय?” एखादी बाई विचारायची.

“देवाले वाहूच नका. घरात ठेवा, पाण्यात.”

“पाण्यात ठेवून काय करू?”

“पाहत बसा.”

“पाहत बसाले टाइम कोनाले हाय?” असं म्हणत ती फूल खुडायला हात घालायची आणि हा बादली मागं ओढायचा. संध्याकाळी दोन्ही बादल्या सायकलला लटकवून, जशाच्या तशा, घरी.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. गल्लीतल्या मंदिरात शोकसभा झाली. मी निवृत्त शिक्षक, म्हणजे बोलण्याचं काम माझ्याकडे ठरलेलंच. मी बोललो. हसतमुख, निगर्वी, दोन्ही हातांनी फुलं आणि बियाणं वाटणारा, मुलांचा लाडका. लोकांनी डोळे पुसले. माझेही भरून आले. आपलं भाषण रंगलं की भरतातच.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको भिंतीवरून म्हणाली, “भाऊजी, काल तुमी कोनाबद्दल बोलले?”

“अहो वहिनी, तुमच्या यजमानांबद्दलच.”

“मी सारं आयकलं. माहा माणूस त्याच्यात कुठीच आला नाही. एक तर माणूस गेला, अन् वरून तुमी तो बदलून देला. जसा होता तसा सांगा कधी.”

तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. ऐंशीच्या घरात आलोय. वहिनींचा माणूस त्यांना परत द्यायचा राहून जाऊ नये, म्हणून हे लिहितोय. तुमच्याही गल्लीत असा एक असेलच, ताडून पाहा.

तो लाइनमन म्हणून निवृत्त झाला. आयुष्यभर खांबावर चढून लोकांकडे वरून पाहिलं, ती सवय खाली उतरल्यावरही गेली नाही. नाल्याकाठच्या वावरांत सगळ्यांनी कपाशी लावली, यानं आपल्या तुकड्यात ॲस्टर. वहिनी म्हणायच्या, “एक वाफा सांभार तरी टाका. कोथिंबीर इकत आनाची लाज वाटते मले.” हा म्हणायचा, “सांभार कोनीबी लावते.”

ॲस्टरचं बी बारीक. त्यासाठी माती आणि शेणखत पिठासारखं हवं, म्हणून यानं घरातली पिठाचीच चाळणी उचलली.

“आता त्याच्यातून पीठ चाळू काय मी?”

“तुह्या पिठापेक्षा माती साफ हाय.”

त्या दिवशी त्याच्या ताटात भाकरी नव्हती. त्यालाही पर्वा नव्हती. बी मुंग्या नेतात, म्हणून वाफ्याभोवती राखेचं कडं घालून तो स्टुलावर पहारा देत होता. शेजारच्या वावरात पोरं क्रिकेट खेळायला लागली, तर हा ओरडला, “धावू नका बे! जमीन हालते, बी खाली जाते!” मुलांचा लाडका म्हणालो होतो मी. पोरं त्याला ‘भूकंप’ म्हणायची.

आणि बियाणं वाटणारा! सगळ्यात टपोऱ्या फुलांना लाल दोरा बांधून तो ती झाडावरच वाळू द्यायचा. बी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, बाटल्या कपाटात, कपाटाला कुलूप. मी एकदा चिमूटभर मागितलं. चक्क दिलं. मी गहिवरलो, वाफा केला, झारीनं पाणी घातलं. एक कोंब नाही. महाशय रोज भिंतीवरून डोकावायचे.

“मास्तर, याले हात लागते. खडूचा हात नाही चालत.”

पुढं वहिनींनीच सांगितलं. ॲस्टरचं बी वर्षभरातच जोर सोडतं, आणि मला दिलेली बाटली पार जुनी होती. “फेकालेच काढली होती,” त्या म्हणाल्या, “तेवढ्यात तुमी आले.”

फुलं वाटताना मी त्याला एकदाच पाहिलं. वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बुलढाण्याला झालं, तेव्हा हा बसनं, भिजल्या फडक्यात गुंडाळलेली ॲस्टरची जुडी घेऊन आला. सोबत मी. नर्स फुलं आत येऊ देईना, हा तिच्याशी भांडला. शेवटी सलाइनची रिकामी बाटली कापून, दांड्यांची टोकं ब्लेडनं तिरपी छाटून, त्यानं जुडी त्या बाटलीत खाटेजवळ ठेवली.

“पाह्य.”

“डोळ्यावर पट्टी हाय ना माह्या!”

“एकावरच हाय. दुसऱ्यानं पाह्य.”

वहिनी त्या उघड्या डोळ्यानं बराच वेळ पाहत राहिल्या. तोही त्यांच्याकडे पाहत होता, फुलांकडे नाही. मी बाहेर गेलो. सुट्टी मिळाली तेव्हा मात्र पठ्ठ्यानं ती जुडी मोजून परत आणली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं एक फूल मागितलं होतं. दिलं नाही.

हे सगळं काल ओसरीत बसून वहिनींना वाचून दाखवलं. चाळणीपाशी त्या म्हणाल्या, “मेला नुसता!” भूकंपापाशी पदर तोंडाला लावून हसल्या. बुलढाण्यापाशी म्हणाल्या, “हे पुन्हा वाचा.” वाचून झाल्यावर मान हलवली.

“हाव. हा माहावाला.”

आणि हसता हसता, सवयीनं, आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, “आयकलं काय हो? मास्तरनं काय काय लिवलं तुमच्यावर!”

आतून उत्तर आलं नाही. एरवी लगेच यायचं, आणि धड कधीच नसायचं.