लेन्स आत ढकलायची नाही: निघोज ते रेहेकुरी

निघायच्या आदल्या दिवशी कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला तीनदा बजावलं. "ताई, लेन्स बसेल, फोटोही छान येतील. पण या कॅमेऱ्यावर ती आत ढकलायची नाही. विसरलात तर मीटर गेलाच म्हणून समजा."

लेन्स सुधाकरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. आमच्या लग्नाहूनही जुनी. तिची नळी बाहेर ओढून जरा फिरवली की घट्ट बसते. फोटो काढून झाला की उलट फिरवून आत ढकलायची, मग कॅमेरा चपटा होऊन कोटाच्या खिशात मावतो. सुधाकरला जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याचा पडदा फाटला होता आणि तो दुरुस्त होण्यासारखा नव्हता. म्हणून मी काकांकडूनच एक वापरलेला, पण बराच नवा कॅमेरा घेतला. एक कडं लावून ही लेन्स त्याच्यावर बसते. फरक एवढाच की या कॅमेऱ्याच्या पोटात मीटरची, म्हणजे उजेड मोजणारी, एक काडी आहे. रोल पुढे सरकवला की ती वर येऊन लेन्सच्या बरोबर मागे उभी राहते. त्या वेळी नळी आत ढकलली तर थेट तिच्यावरच आदळणार.

मला भीती माझ्या हाताची होती. वीस वर्षं आम्ही फिरलो त्यात कामं वाटलेली होती. फोटो त्याने काढायचा आणि कॅमेरा माझ्या हातात द्यायचा. लेन्स आत ढकलून तो पिशवीत ठेवणं माझ्याकडे. म्हणजे कॅमेऱ्यातलं मला नीट येत होतं ते एवढंच, बंद करणं.

रेहेकुरीची काळविटं बघायची हे आमचं कधीचं ठरलेलं होतं. दर हिवाळ्यात काही ना काही आडवं यायचं. या जानेवारीत काहीच आडवं आलं नाही, तेव्हा मी एक रोल भरला आणि शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडली.

पहिला टप्पा निघोज. शिरूरला उतरून तिथून जीप मिळते. ती भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा तासभर हाताशी ठेवा. गावाबाहेर कुकडीच्या पात्रात काळ्या दगडाला पाण्याने कोरून खोल कुंडं केली आहेत. काही रांजणाएवढी, काही विहिरीएवढी. पाणी ओसरलेलं असताना जा आणि तळाला रबर असलेल्या चपला घाला, दगड फार गुळगुळीत आहे. मी पोचले तेव्हा देवळात दर्शनाला आलेलं एक कुटुंब कुंडांच्या कडेला डबे उघडून बसलं होतं. त्यांच्यातल्या आजींनी मला बोलावून चटणी-भाकर दिली आणि "बाकीची मंडळी मागं हायत का?" असं विचारलं. मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनी त्यांचं ठरवलं.

ऊन चढल्यावर पहिला फोटो काढला. या कॅमेऱ्याच्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचं कडं फिरवत त्या एकावर एक आणायच्या. कुंडाची कड जुळवायला मला इतका वेळ लागला, की तोवर शेजारची मुलं कंटाळून निघून गेली. खटका दाबला, रोल पुढे सरकवला. कुणीतरी हात पुढे करील अशा बेताने कॅमेरा खाली आणला आणि माझ्या अंगठ्याने नळी फिरवून आत ढकलली.

आतून बारीक खरखर ऐकू आली.

मी लगेच नळी बाहेर ओढली. मीटरचा काटा हलत होता, पण आधीसारखा की वेगळा, हे मला कळायला मार्ग नव्हता. त्या काट्यावर विसंबून कुंडांचा आणखी एक फोटो काढला आणि कॅमेरा टॉवेलात गुंडाळला. पारनेरमार्गे नगरला जाणाऱ्या गाडीत तो मांडीवर घेऊन बसले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, मधेच नुसतं माळरान. मला सारखं वाटत होतं की उद्या सरळ पुण्याला परतावं आणि लेन्स कपाटात ठेवून द्यावी. ज्या हाताने एकदा केलं तो पुन्हा करणार.

नगरला स्टँडसमोरच्या लॉजवर उतरले. खोली साधी आणि स्वच्छ होती, बादलीभर गरम पाणी सकाळी सहालाच मिळतं. मॅनेजरने वहीत नाव लिहिताना सोबत कोण, असं विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्याने तिथे आडवी रेघ मारली आणि मला जिन्याजवळची खोली दिली. बाईमाणसाला तिथे बरं पडतं, म्हणाला.

सकाळी पुण्याची गाडी समोर लागली होती. मी मिरजगावच्या गाडीत बसले. धीर आला वगैरे काही नाही. परतून त्याच घरी जायचं होतं, तर ते एक दिवस उशिरा, इतकाच विचार केला.

मिरजगावला बाजार भरला होता. कर्जतच्या गाडीला दीड तास होता, म्हणून चहा घेऊन मी बाजारात फिरले. एका कडेला बांगड्यांचं दुकान मांडून हमीदाबी बसल्या होत्या. साठीच्या, तोंडात पान, आणि समोर बसलेल्या बाईचा पंजा चेपून चेपून बांगडी चढवण्याचं काम चाललेलं. शेजारी तान्ह्या मुलांच्या काळ्या प्लास्टिकच्या बांगड्या दोऱ्यात ओवून टांगल्या होत्या. त्यांचा घेर बघून मी थबकले. लेन्सच्या नळीचा घेर साधारण तेवढाच. बाहेर काढलेल्या नळीवर अशी बांगडी घट्ट बसली तर नळी आत जाणारच नाही.

मी त्यातली एक मागितली.

"बाळ किती म्हैन्याचं हाय?" हमीदाबींनी विचारलं. "मनगाट गुबगुबीत का बारीक?"

बाळ नाही म्हणून मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि सगळं सांगितलं. काडी, नळी, अंगठा, कालची खरखर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हात चेपून घेणारी बाई मात्र हसायला लागली. "भरा, त्याला बी भरा. आमच्या घरच्या मानसाला कधीच्या भरायला पायजे हुत्या, त्यो बसतच न्हाई हितं."

लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवून मी हमीदाबींच्या हातात दिली. (असले प्रयोग नेहमी लेन्स उतरवूनच करा. कॅमेऱ्यावर असताना कधीच नाही.) त्यांनी बोटांनी घेर मापला. अडचण लगेच समजली. लेन्सचं तोंड नळीपेक्षा रुंद, त्यावरून बांगडी खाली उतरेना. मी म्हटलं, एका जागी कापून बसवू या, कात्री असली तर द्या.

त्यांनी बांगडी माझ्या हातातून काढून घेतली.

"बांगडी मी भरते, ताई. कापायची न्हाई. चाळीस वर्सं झाली, आजपातुर माझ्या हातनं एक बी कापली न्हाई. आन् माझ्या दुकानात बसून तुमी बी कापू नगा."

बोलताना त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. तिथे नुसतं घड्याळ होतं. सुधाकर गेला त्या दिवशी शेजारच्या एका मोठ्या बाईंनी माझ्या बांगड्या फोडायला घेतल्या होत्या, आणि मी हात पुढे केला होता. पदर सावरून हमीदाबी मागच्या ट्रंकेत शोधू लागल्या. गाडी चुकेल असं मला वाटायला लागलं. शेवटी त्यांनी तळातून एक कागदी पुडी काढली. तिच्यात तान्ह्या मुलांच्या, पण एका बाजूने उघड्या अशा बांगड्या होत्या. दोन्ही टोकं ओढून मनगटात अडकवायच्या.

"हिला आधीच तोंड हाय," त्या म्हणाल्या.

लेन्स मांडीवर धरून त्यांनी एकामागून एक तीन बांगड्या नळीवर चढवल्या. टोकं ओढताना तोंडाने 'हळू, हळू' चाललं होतं, कुणाचा तरी हात दुखेल असं. मग अंगठ्याने नळी आत दाबून पाहिली. हलली नाही. मीही दाबून पाहिली. माझ्या सगळ्या सवयीनिशी दाबली, तरी हलली नाही.

बांगड्या भरून झाल्या की आमच्याकडे भरणाऱ्याला नमस्कार करून उठतात. मी नकळत वाकले.

"अवो, भरल्या त्याला," हमीदाबी म्हणाल्या, "आन् नमस्कार तुमी करता व्हय?"

लेन्स कॅमेऱ्यावर चढवून मी त्यांचा फोटो काढला. प्रतिमा जुळेपर्यंत त्यांना हसू आवरेना, आणि गाडीचा हॉर्न वाजला.

कर्जतहून पुढे रेहेकुरीला ऊन उतरताना पोचले. वनखात्याच्या चौकीत नाव लिहून आत सोडतात. पाणी सोबत न्या, आत काही मिळत नाही. पिवळ्या गवतातून अर्धा तास चालल्यावर काळविटांचा कळप दिसला. नर काळा, पोटाशी पांढरा, मान वर करून उभा. चाळीस पावलांच्या आत तो कुणाला येऊ देत नाही. अशा लेन्सने तो फोटोत तिळाएवढा येणार हे मला ठाऊक होतं. तरी काढले, एकामागून एक. दर फोटोनंतर अंगठा नळीवर जायचा, बांगड्यांना अडून परत यायचा. खूप बोलावंसं वाटलं. शेजारी बोलायला गवत होतं. अंधार पडायच्या आत कर्जतला आले, खाणावळीत झणझणीत आमटी आणि भाकरी जेवले, आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात.

तुमच्याकडे अशी आत जाणारी जुनी लेन्स असेल तर नव्या कॅमेऱ्यावर चढवण्याआधी जाणकाराला दाखवा, कॅमेऱ्याच्या पोटात काय आहे ते विचारा, आणि स्वतःच्या आठवणीवर अवलंबून राहू नका. नळीलाच अडसर घाला.

काकांनी कॅमेरा उघडून पाहिला. काडी केसभर वाकली होती. सावलीत मीटर बरोबर चालतो, कडक उन्हात काटा अडकतो. सरळ करता येईल, म्हणाले, पण त्यात मोडायचीही शक्यता आहे. मी तसाच परत आणला. उन्हात आता अंदाजाने फोटो काढते. बरेच चुकतात.

हमीदाबींचा फोटो हलला आहे, पण हसू ओळखू येतं. त्याची एक प्रत मिरजगावला पोस्टाने पाठवली. रोलमधल्या फोटोंसाठी नवा अल्बम आणला. सुधाकर चुकलेला फोटो फाडून टाकायचा, त्यामुळे आमच्या जुन्या अल्बममध्ये एकही वाईट फोटो नाही, आणि एकाही फोटोत तो नाही. नव्या अल्बममध्ये मी सगळे छत्तीस लावले. पहिल्या पानावर निघोजचा, खरखर झाल्यानंतर काढलेला आहे. सगळा पांढराफटक, कोपऱ्यात तेवढी काळ्या दगडाची एक कड. घरी येणारे तो उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, हे काय आहे.

मी सांगते, दुपार आहे. मी एकटीने काढली.