फेसाळ लघवी आणि सोबतचं माणूस

नळी तापवली आणि लघवी वरून पांढरी झाली, उकडलेल्या अंड्यासारखी. ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकले. पांढरेपणा गेला नाही. म्हणजे प्रोटीन, आणि तेही भरपूर.

तालुक्याच्या दवाखान्यात मी एकटीच लॅब टेक्निशियन. सॅम्पल सत्यभामाबाईंचं होतं. आसेगावजवळच्या, पंचावन्नच्या. नवरा वारलेला, मुलगा-सून पुण्याला बांधकामावर. बाहेर बाकावर बसल्या होत्या. पायावर बोट दाबलं की खड्डा राहत होता.

"किती दिवसांपासून सूज हाये?" मी विचारलं.

"झाला महिना. सकाळी डोये उघडत नाहीत. शेजारच्या म्हणतात, पोराच्या आठवणीनं रडते. मी तं रडलीच नाही, बाई."

"लघवीले फेस येते?"

"साबनावानी."

किडनी म्हणजे चाळणी. ती खराब झाली की रक्तातलं प्रोटीन लघवीतून निघून जातं, पाणी अंगात उतरतं, माणूस सुजतो. डॉक्टरांनी नेफ्रोटिक सिंड्रोम असं लिहून अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे बायोप्सी, म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचा.

"सोबत कोणीतरी न्या," डॉक्टर म्हणाले.

तिथेच अडलं. मी मुलाला फोन लावून दिला.

"माय, ठेकेदार सोडून नाही राह्यला. दिवाळीले येतो, तवा जाऊ."

बाईंनी फोन परत दिला. "त्याचं बी खरं हाये," म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

या एकट्या जाणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी दोन दिवसांची रजा टाकली. माझ्या घरीही वाट बघणारं कोणी नाही, हे अर्जात लिहिलं नाही.

अकोल्यात फॉर्मवर 'पेशंटशी नातं' या रकान्यापाशी माझा पेन थांबला. बाई खाटेवरून म्हणाल्या, "लिहा, बहीण हाये माही."

बायोप्सीनंतर स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. दर सोमवारी त्या आमच्या दवाखान्यात सॅम्पल आणायच्या. रिपोर्ट हातात पडल्यावरही तासभर बाकावर बसायच्या. मी कधी उठवलं नाही. पाचव्या महिन्यात लघवी तापवूनही नितळ राहिली.

"चांगलं झालं, बाई. आता दर सोमवारी यायचं काम नाही. तीन महिन्यांनी या."

त्या हसल्या नाहीत. "मंग सोमवारी काय करू?"

मी रिपोर्टवर पुढची तारीख लिहून दिली.

पुढच्या सोमवारी सात सॅम्पल आली. सगळी नॉर्मल. बाहेरचा बाक रिकामा होता. चेहऱ्यावर, पायावर सूज दिसली की आधी लघवी तपासा, दहा मिनिटांत कळतं, एवढं मी सगळ्यांना सांगते. कोणी बाकावर तासभर का बसून राहतं, याची टेस्ट आमच्याकडे होत नाही.