दोन डाव्या बाह्या

"पाय कुठे आहेत?" मास्तरांनी विचारलं.

कालव्याच्या कडेने आम्ही निम्मी वाट चालून आलो होतो. माझं मन तेव्हा घरी, गॅसवरचं दूध उतू गेलं की काय ते बघायला गेलेलं.

"असतील की खाली," मी म्हटलं. "जाणारेत कुठे?"

"पाय आहेत गं खाली. तूच नाहीस त्यांच्याजवळ."

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शिलाईच्या दुकानाचे मालक. कापड बेतणं-कापणं त्यांचं, मशीन मुलाची, काजं-बटणं नि तुरपाई माझी. ते इतकी वर्षं टेकून उभे राहिलेत की बेतायच्या टेबलाची कड त्यांच्या पोटाशी झिजून गुळगुळीत झालीय. गिऱ्हाईक दारातून आत आलं की डोळ्यांनीच माप घ्यायचे. टेप गळ्यात नुसती शोभेला.

गेल्या वर्षी त्यांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. कापड गिऱ्हाइकाचं, जेमतेम पुरणारं, म्हणून एकेक बाही वेगळी कापायची होती. पहिली झाली की बाहीच्या आकाराचा कागदी फर्मा उलटा करून दुसरी कापायची, ते राहिलं. चूक कोणाच्याही हातून होते. पण मास्तर त्या बाह्यांकडे बघतच राहिले आणि काय चुकलंय ते त्यांना कळेचना. शेवटी मुलाने हळूच दाखवलं. त्याआधी किल्ल्या विसरणं, बोलता बोलता शब्द हरवणं सुरू झालंच होतं. आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं.

"बाबा, पुरे आता," मुलगा म्हणाला. वाईट नाही बोलला. पण कात्री कपाटात गेली आणि मास्तर रिकाम्या हातांनी टेबलापाशी उभे राहू लागले. ते बघवत नसे.

डॉक्टरीणबाईंनी तपासून रक्तदाबाची गोळी दिली. म्हणाल्या, रोज चाला, हातपाय हलवा, पण जीव ओतून. शरीर इथे नि मन बाजारात असं नको. हालचालीने मेंदूलाही चांगलं रक्त मिळतं, आणि लक्ष जागेवर ठेवायची सवय झाली की ती कामातही उपयोगी पडते. "गेलेलं सगळं परत येईल, असं वचन मात्र मी देणार नाही," असंही त्यांनी सांगून टाकलं. मला त्या आवडल्या.

तेव्हापासून मास्तर सकाळी मागच्या खोलीत हात इतके सावकाश वर नेतात, जणू हवेत रेशीम उलगडतायत. मग चालणं. त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, गुडघे दुखतात, म्हणून सोबतीला मी. जीभ मात्र काकूंची ठणठणीत आहे. "लग्न झाल्यापासून हे माझ्या दहा पावलं पुढे," त्या म्हणतात. "आता गोगलगाय यांना वाट मागते!"

टाच टेकली, तळवा टेकला, श्वास आत, श्वास बाहेर. मी देवाचं नाव घेत चालते. मास्तरांचा देवाशी फारसा घरोबा नाही, पण एकदा म्हणाले, "तुझं नाम नि माझी टाच, दोघांचं काम एकच. पळालेल्या मनाला कान धरून घरी आणायचं." मला पटलं. नाम घेताना मन किती पळतं, हे मला कोणी सांगायला नको.

काल मास्तरांच्या नातीच्या फ्रॉकचं कापड आलं. मास्तरांनी कात्री मागितली. मुलाने काकूंकडे बघितलं, काकूंनी छताकडे. शेवटी मिळाली एकदाची. मास्तरांनी मुद्दाम एकेक बाही वेगळी कापायला घेतली. आधी नुसते उभे राहिले. दोन्ही पाय घट्ट, कापडावर तळहात सपाट, एक लांब श्वास. पहिली बाही कापली. कात्री खाली ठेवली. पुन्हा तसेच उभे. मग फर्मा उचलला आणि उलटा केला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. सुई बोटात घुसलीय, हे मागाहून कळलं.

मुलाने दोन्ही बाह्या समोरासमोर धरून पाहिल्या. "बाबा, उद्या एक शर्टपीस येतोय," एवढंच म्हणाला. "तुम्हीच बेता."

म्हणून आज पुलापाशी परत फिरताना मी म्हटलं, "मास्तर, मिटली ना काळजी?"

"मिटली कसली! चुकेन की पुन्हा कधीतरी." मग म्हणाले, "एक काम करशील?"

"सांगा की."

"पुढे कधी फर्मा उलटायचा राहिलाच, तर गुपचूप निस्तरू नकोस. मुलाकडे बघू नकोस. तुझ्या काकूंना तर मुळीच सांगू नकोस. जागेवरूनच मला हाक मार. म्हण, मास्तर, पाय कुठे आहेत?"